प्रज्ञाचा डावा हात

माझ्या घरी डाव्या हाताने जेवायची परवानगी आजवर एकाच व्यक्तीला मिळाली आहे, आणि तीही भांडून. मी पुण्याची, ताटात डावा हात गेलेला दिसला की माझ्या कपाळावर आठी पडलीच. प्रज्ञा मात्र त्याच हाताने पोळी चिवडत होती, वरण मनगटावरून कोपराकडे निघालं होतं, आणि स्वारी मजेत हसत होती.

प्रज्ञा म्हणजे इथली, अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधली माझी शेजारीण वैशाली हिची मुलगी. कुटुंब मूळचं नागपूरचं. मुलगी बास्केटबॉल खेळते, आणि तोच तिचा पोटापाण्याचा उद्योग. तिची जागा गार्डची. चेंडू आपटत पुढे न्यायचा, समोरच्या मुलीला चुकवायचं आणि जिच्याकडे द्यायचा तिच्याकडे नेमका द्यायचा. नागपूरच्या आजीला मात्र नात अमेरिकेत कुठेतरी पहारेकरी आहे असंच बरीच वर्षं वाटत होतं, आणि त्याचाही तिला अभिमान होता.

हिवाळाभर प्रज्ञा पोलंडमधल्या एका संघाकडून खेळायची आणि वसंत आला की इथल्या लीगच्या निवड शिबिराला जायची. दोनदा तिला तिथून परत पाठवलं होतं. कारण एकच, डावा हात कच्चा म्हणून ही कायम उजवीकडूनच जाते हे सगळ्यांना पाठ झालं होतं. आता तिशी जवळ आली होती. यंदाचं बोलावणं शेवटचं, हे तिच्या एजंटने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून दात घासण्यापासून दार उघडण्यापर्यंत सगळं डाव्या हाताने चाललं होतं.

"मावशी, हा हात जन्मभर बसून खातोय यार. त्याला आता जॉब लावायचाय," ती म्हणाली.

"अगं, खात कुठे होता? खायला तर आत्ता लागलाय," मी म्हटलं.

वैशालीची हॉस्पिटलात संध्याकाळची ड्यूटी असायची, त्यामुळे प्रज्ञा जेवायला माझ्याकडे. दोन-तीन दिवस मी कुरकुर करत पाहिलं. मग तिने उजव्या हाताने पोळी दाबून धरली आणि डाव्याने ओढून तोडली. हे मात्र मला बघवेना. डावरं व्हायचंय तर हो, पण रीतसर हो, असं मी तिला बजावलं. उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि एकाच हाताच्या बोटांनी घास तोडायचा. पहिला आठवडाभर पोळी ताटभर पळत होती. प्रज्ञाचं उत्तर ठरलेलं असायचं, "होईल ना. आज नाही, तर उद्याच्या जेवणाला."

पुढे मलाही चेव चढला. मऊ पोळीवरून मी तिला भाकरीवर आणलं, भाकरीवरून सकाळच्या थालीपिठावर. ती मला कोच म्हणायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शिबिराला निघाली तेव्हा भाकरी तोडणं तिच्या डाव्या हातचा मळ झाला होता.

शिबिर संपलं त्या दिवशी तिने आईनंतर मला फोन केला. शेवटच्या सामन्यात ती डावीकडून गेली होती. समोरची मुलगी सवयीने उजवीकडे अडवायला धावली आणि प्रज्ञा बास्केटखाली एकटी. डाव्या हाताने अलगद टाकला, गेला. मी स्वयंपाकघरात टाळ्याच वाजवल्या. मग ती म्हणाली की जागा एकच उरली होती आणि ती दुसऱ्या मुलीला मिळाली. जिला मिळाली ती खरंच चांगली खेळते, हेही तिनेच सांगितलं.

मला रडू आवरेना. एवढा जीव तोडून केलेलं सगळं वाया गेलं म्हणून मी त्या संघाला मनसोक्त शिव्या घातल्या.

"रडू नको ना, कोच. पोलंडवाले परत बोलावतायत," ती म्हणाली. "आणि तिकडे अजून सगळ्यांना वाटतं, मी उजवीकडेच जाते."