बिनलोखंडी मास्तर

मास्तरांच्या अंगावर लोखंडाचा कण सापडला नसता. वहाणांना खिळ्याऐवजी चामड्याचे टाके, चष्म्याची काडी पितळेची, किल्लीही पितळेची. बोर्लीच्या बाजारात कोणी भेटलं तरी रामरामाआधी विचारायचे, "अंगावर लोखंड?" लोक हसायचे. मी हसत नसे. मी त्यांच्या हाताखाली शिपाई होतो.

शाळा माझी दुसरीपर्यंत, पण सरकारी चुंबकशाळा म्हणजे काय ते मी शिकलेल्यांपेक्षा बरं सांगेन. जाड दगडी भिंतींची बिनखिडकीची खोली. आत टांगलेला चुंबक, त्यावरून परतणारा उजेडाचा ठिपका आणि संथ फिरणारा फोटोचा कागद. पृथ्वीची ओढ बदलली की ठिपका हलतो, कागदावर रेघ हलते. रोज सकाळी मी दिव्यात तेल घालायचं, मास्तरांनी कागद बदलायचा. दारात ते विचारणार, मी "न्हाय मास्तर" म्हणणार, मग आत.

बत्तीस साली वरून हुकूम आला. ध्रुवाचं वर्ष. जगभरची सरकारं मिळून वर्षभर मोजणी करणार, पार ध्रुवाजवळच्या बर्फातसुद्धा. एक दिवस चुकवायचा नाही, रजा नाही. मास्तरांची पुण्याला बदली झाली होती, म्हातारे वडील तिथे एकटे. ती बदलीही वर्ष संपेपर्यंत थांबली. मास्तर म्हणाले, "धाकू, ते बर्फात कोंडलेत, आपण अंधारात. आपला कागद त्यांच्या कागदाशेजारी ठेवणार आहेत. रेघ स्वच्छ हवी. मग मी आगरदांड्याहून पहिली बोट धरतो."

त्याच साली माझ्या थोरल्या भावाची होडी फुटली. भाऊ मिळाला नाही, एक फळी मिळाली. तिच्यातल्या खिळ्याची आयेनं अंगठी करवून माझ्या बोटात घातली. "ही काढशील त्या दिशी तुला बी दर्या नेल." मी काढली नाही. वर चिंधी बांधली, बोट भाजलं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मास्तर धुतलेला कागद घेऊन आले. रेघेत सकाळच्या वेळेला बारीक खड्डा.

"अंगावर लोखंड?"

"न्हाय मास्तर."

त्यांनी ते खरं धरलं आणि स्वतःचाच दोष शोधायला निघाले. भिंतीलगतची वाळू चाळली. तेलाचं भांडं बदललं. एकदा नुसत्या लंगोटीवर आत गेले.

"मास्तर, थंडी वाजंल."

"ध्रुवावर याहून वाजते!"

खड्डा तसाच. पंधरा दिवसांत माणूस अर्धा झाला. इकडे माझं बोट सुजून अंगठी आत रुतली. आता काढीन म्हटलं तरी निघेना, आणि बोलायला तोंड उघडेना.

सोळाव्या दिवशी ते वर पत्र लिहायला बसले. दोष माझाच असावा, दुसरा माणूस पाठवा. मी समोर जाऊन चिंधी सोडली.

"कोणाची?"

"भावाच्या होडीतली."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मला सोनाराकडे घेऊन गेले, त्याने कानशीने अंगठी कापेपर्यंत माझं मनगट धरून बसले. तुकडे आयेच्या हातात देत म्हणाले, "मावशी, दर्या कसा नेईल याला? मी कोंडून ठेवलाय ना!" त्या सालात आये तेवढी एकदाच हसली.

नव्या पत्रात माझं नाव नव्हतं. "लोखंड आत गेले. मी विचारले, पाहिले नाही." एवढंच. पंधरा दिवसांचे कागद बाद झाले आणि मास्तरांची बदलीही.

पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दहाही बोटं पसरून दारात उभा राहिलो. त्यांनी तिकडे बघितलंच नाही. "अंगावर लोखंड?" विचारलं, उत्तर ऐकलं, आत शिरले. पुढे वडील गेल्याची तार त्यांना त्याच दारात मिळाली. वाचली, घडी केली. कागद बदलायची वेळ झाली होती. माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं. मी उत्तर देईपर्यंत ते तसेच थांबले.

जन्मात मी कोणापुढे वाकलो नाही. पण घराच्या उंबऱ्यात पाय टाकताना अजून तो प्रश्न ऐकू येतो. मी "न्हाय मास्तर" म्हणतो आणि मग एकेक बोट चाचपून बघतो. मास्तर बघायचे नाहीत ना.