झग्याची उंची

झग्याची उंची ठरवायची, तर गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून टाचण्या लावाव्या लागतात. पण केस विरळ होऊन भांगातून टाळू दिसायला लागल्यापासून शिंपीणबाई उभ्यानेच अंदाज बांधी, आणि झगे बिचारे तिरके होत. डॉक्टरांनी दिलेलं औषध ती चोरून लावी. नवऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

जुन्या गिऱ्हाईक मास्तरीणबाई मात्र वर्षभर नुसते सदरेच शिवायला आणत होत्या. शेवटी शिंपीणबाईने विचारलंच, "माझ्या हातावरचा विश्वास उडाला ना तुमचा?"

"छे गं," मास्तरीणबाई चाचरत म्हणाल्या, "झगा आणला, की तुला खाली बसावं लागेल. म्हणून."

शिंपीणबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शरमेने मान खाली घालावी, तर तीही सोय उरली नव्हती.