शेळ्या परतायच्या वेळचं नाव

माझा धाकटा भाऊ शेळ्या घरी परतायच्या वेळी जन्मला, म्हणून तो किप्रोनो. आम्हा नांदी लोकांत जन्माची वेळच नावात बसते. त्याच नावाने तो शाळेत अनवाणी पळाला आणि त्याच नावाने देशाच्या संघातून तीनदा वगळला गेला. स्टीपलचेसवाले, म्हणजे आडव्या फळ्या आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळणारे, आमच्याकडे इतके आहेत, की जगात पाचवा असलेला माणूस इथे घरी बसून चहा पितो. तिसऱ्या वेळी आखातातल्या एका देशाची माणसं आली. त्यांनी त्याला नवा पासपोर्ट दिला आणि नवं नावही दिलं, राशिद.

"आईला सांगू नकोस," तो मला म्हणाला. "मेडल आणतो आणि मग मीच सांगतो. मला मुर्सिक पाजताना थोडीच रागावणार आहे ती?"

"आणि तोवर विचारलं तर?"

"पाय दुखावलाय म्हण. खोटं बोलायला तुला काय शिकवायचं, जेप्तू!"

जिंकून आलेल्या पोराला आई वाळवलेल्या पोकळ भोपळ्यात विरजलेलं, कोळशाने करडं झालेलं दूध पाजते, तेच मुर्सिक. आमची आई ताप्किगेन दर हंगामाला एक भोपळा किप्रोनोसाठी भरून ठेवायची. आम्ही नुसतं तिकडे पाहिलं तरी ओरडायची.

जागतिक स्पर्धेची ती दुपार. अंगणात रेडिओ लावलेला, शेजारपाजारचे जमलेले. आमच्या देशाकडून पलीकडच्या टेकडीवरचा बिवोत पळत होता. आईने त्यालाच आपला मानलं होतं, कारण किप्रोनोचा पाय दुखतोय असं मी तिला सांगितलेलं. शेवटची फेरी सुरू झाली. पाण्याच्या अडथळ्यापर्यंत बिवोत तिसरा होता. तेवढ्यात निवेदक ओरडला, "राशिद! राशिद बिवोतच्या पुढे! तिसरा राशिद!"

आई ताडकन उठली. रेडिओसमोर जाऊन काठी आपटत म्हणाली, "राशिद, ज्या पायाने आमच्या पोराला मागे टाकलंस, तो पाय त्या पाण्यातच राहो!"

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बाईचा शाप ऐकून आमच्यात कुणी हसत नाही. मी तिचं तोंड दाबायला हवं होतं, निदान ओरडायला तरी हवं होतं. मी उठले आणि चहाचे कप गोळा करू लागले. आजही मला त्या कपांचा राग येतो.

पदक मिळालं, पण किप्रोनो घरी आला नाही. गावातल्याच पोराला मागे टाकून पदक आणलं, आता कुठल्या तोंडाने येऊ, असं फोनवर म्हणाला. पुढच्या वर्षी पाण्याच्या अडथळ्यावर त्याचा उजवा घोटा मोडला. डॉक्टरांनी आत खिळे बसवले. मग मात्र माझ्याने राहवलं नाही, मी आईला सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, ती मला काठीने झोडपेल. ती नुसती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "ते नाव पुन्हा सांग बघू."

"राशिद."

"रासित."

"शि, आई. शि."

आमच्या भाषेत 'श' नाही; त्या दिवशी रेडिओच्या मागोमाग रागात तो तिच्या तोंडून कसा नीट निघाला, कोण जाणे. पण ज्या नावाने शाप दिला त्याच नावाने तो उतरवावा लागतो, तेही त्या माणसाला समोर बसवून. सत्तरीची बाई गाय पिळताना, भाजी निवडताना पुटपुटायची, "रासित, रासिद..." दात उरले होते चार, पण हट्ट काही कमी झाला नव्हता.

तो सहा वर्षं आला नाही. परदेशात रस्त्यावरच्या लांब शर्यतींत पळत राहिला. पहिले वीस किलोमीटर दुसऱ्यांना वेग धरून द्यायचा आणि बाजूला व्हायचा, स्वतःच्या नावावर काही नाही. शेवटी घोट्याने तेही नाकारलं, तेव्हा एका सकाळी फाटकातून लंगडत आत आला. पिशवीतलं ब्राँझ त्याने बाहेरसुद्धा काढलं नाही.

आईने त्याला ओट्यावर बसवलं, बूट काढायला लावला. मुर्सिकचा घोट तोंडात घेऊन घोट्यावर फवारला आणि स्वच्छ म्हणाली, "राशिद, तुझा पाय मोकळा." पुन्हा घोट घेतला. असं चारदा. एकदाही 'श' चुकला नाही.

किप्रोनो लहान पोरासारखा रडत होता. "आई, एकदा किप्रोनो म्हण ना. सहा वर्षांत तुझ्या तोंडून ऐकलं नाही गं."

"आत्ता नाही रे. दोन नावं एका तोंडात आली तर शाप गोंधळून जाईल. आधी हे दूध वाळू दे." मग हसली. "संध्याकाळी शेळ्या आल्या की हाक मारते. तीच तुझी वेळ, नाही का? तोवर जीव जात नाही तुझा!"

दुपारी मक्याच्या पिठाची उगाली खाऊन ती आडवी झाली. चार वाजता मी चहा घेऊन गेले, तर तिचे हात गार पडलेले.

बायका जमल्या, रडारड झाली. शेळ्यांना त्यातलं काय कळणार, त्या नेहमीच्या वेळी परत आल्या. किप्रोनो फाटकाशी जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडे. मला ते बघवेना.

"किप्रोनो," मी हाक मारली, "आत ये रे."

"तू नको," तो म्हणाला.

शेवटची शेळी आत गेली तरी तो तिथेच, कान घराकडे लावून उभा होता.