अण्णांनी सोडलेली पानं

पाकीट फोडलं की अण्णा पंधरा पानांची चळत टेबलावर दोनदा आपटत, पंख्यासारखी पसरत, आणि आपण मनात दहा मोजेपर्यंत त्यातलं एक पान उपडं करून स्वतःपुढे ठेवत. उरलेली चौदा माझ्याकडे सरकवताना दर वेळी म्हणत, "घाई न्हाय ताई. पन येळबी न्हाय."

खरं तर निवडताना बोलायची बंदी होती. पण ते सगळ्यांत वयस्क, म्हणून एवढं एक वाक्य त्यांना माफ होतं.

ही पानं म्हणजे आपले बावन्न पत्ते नव्हेत. तुमच्या घरात शाळा-कॉलेजातलं कुणी असेल तर तुम्ही ती कपाटाखालून झाडूनही काढली असतील: जादूगार, राक्षस, आग ओकणारे पक्षी, खाली बारीक अक्षरांत त्यांचे गुण. पानं पाच रंगांची. आमच्या गावच्या भवानी पेठेत वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या माडीवर दर रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही आठ जण गोल बसतो. प्रत्येकानं आपलं पाकीट फोडायचं, एक पान ठेवायचं, बाकीची डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून आलेल्यातलं पुन्हा एक ठेवायचं, पुन्हा पुढे. ती संपली की दुसरं पाकीट, आणि ते उलट, उजवीकडे फिरवायचं. तिसरं परत डावीकडे. शेवटी जमलेल्या पानांची गड्डी बांधायची आणि दुपारभर एकमेकांशी खेळायचं. रंग दोनच धरावेत, म्हणजे गड्डी चालते.

या सगळ्यात अठ्ठेचाळीस वर्षांची, शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिणारी बाई काय करतेय, असं तुम्हाला वाटेल. आमच्या ह्यांनाही वाटतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची खुर्ची रिकामी झाली. "आठवं माणूस नसलं तर सगळं अडतं गं आई. मिळेपर्यंत तू बस," म्हणाली. तीन वर्षं झाली, आठवं माणूस अजून मिळायचं आहे.

अडचण अशी की मला निवडता येत नाही. पानंच नव्हे, काहीच. मंगळवारच्या बाजारात भाजीवाली मला वांगी स्वतःच निवडून देते, कारण माझ्यामागे रांग लागते. साडीच्या दुकानातला माणूस मला बघून आधी चहा सांगतो, स्वतःसाठी. आणि अशा बाईला त्या माडीवर जागा मिळाली ती नेमकी अण्णांच्या डाव्या हाताला.

अण्णांनी तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग केलं होतं. उजेडाच्या टेबलावरून माल सरकत जायचा आणि सुटलेला धागा त्यांना तिथल्या तिथे दिसायचा. घरात तेलुगू, पेठेत मराठी, आणि चिडले की दोन्ही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला. तेही माझ्यासारखेच कधीतरी आठवं माणूस म्हणून बसलेले. फरक एवढाच, की त्यांना खेळ आला.

माझा एक जुना पराक्रम सांगते. एकदा मी पहिल्याच पाकिटातून एक सोनेरी महासर्प उचलला. चमकणारा, सात फण्यांचा. तो डावात उतरवायला इतकी तयारी लागायची, की मी त्याला हातात धरूनच तिन्ही डाव हरले. खाली चहाला अण्णा म्हणाले, "ह्ये म्हंजे लग्नातला शालू. नेसनार कदी? रोजच्या वापराची चार पानं घ्या की."

"पण चित्र किती छान होतं, अण्णा."

"चित्र भिंतीला लावत्यात."

दुसरी शिकवण त्याहून अवघड. "हातात काय आलं ते समदेच बगतात. काय यायला पायजे हुतं आन् आलं न्हाय, ते बगा. शेजारी पिवळं दाबून बसला असंल तर तुमाला चांगलं पिवळं येनारच न्हाय. तितं मरू नका. त्यो जे सोडतोय, ते तुमचं." म्हणजे शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे त्यानं टाकलेल्यावरून ओळखायचं. आमच्या घरात पंचवीस वर्षं संसार करूनही कुणाला ते जमलेलं नाही.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली त्या आठवड्यात दुकानात नवी पेटी आली. नवी चित्रं, नवे गुण. अधूनमधून एखादं जुनं पान त्याच चित्रानिशी परत छापलेलं. त्या रविवारी अण्णांकडून आलेल्या पहिल्याच चळतीत मला आगपक्षी दिसला. त्या पेटीतलं सगळ्यांत भारी लाल पान. मी दोनदा वाचलं. पुढच्या चळतीत विजेचा भाला. तोही लाल. मला शिकवण आठवली: अण्णा लाल सोडताहेत, लाल माझं. आयुष्यात पहिल्यांदा मी निवडीला दहा आकड्यांच्या आत पोचले. तिन्ही डाव जिंकले. घरी येऊन ह्यांना आगपक्ष्याचे गुण पाठ म्हणून दाखवले. ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही.

मुलीला फोन केला. "अण्णांनी आगपक्षी सोडला? आई, शक्य नाही."

"ते दुसरा रंग घेत असतील."

"असतील," ती म्हणाली, पण पटल्यासारखी नाही.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. भारी लाल पानं एकामागून एक. मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. दुपारी डाव अण्णांशीच पडला. त्यांनी पानं उतरवायला सुरुवात केली. त्यांची पानं लाल होती. सगळी लाल, पण किरकोळ. उंदरांवर सोडायला ठीक अशी. लाल गोळा करणारा माणूस लालातलं सगळ्यांत मोठं पान शेजारणीला देतो? तेही अण्णा?

मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. हल्ली ते पान उतरवताना म्हणायचे, "ताई, काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा बरं, समद्यांना कळू दे." मी हौसेनं वाचायचे. मला वाटायचं, माझा आवाज चांगला आहे.

अण्णांना पानावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती. जुनी पेटी चित्रांवरून तोंडपाठ होती, तोवर निभावलं. नव्या पानांवर त्यांना रंग कळत होता, बाकी काही नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. जेऊरला जन्मलेल्या एका मुलीला मी दाखल्यावर करमाळ्यात जन्माला घातलं. तिची आई काउंटरवर म्हणाली, "बाई, मी तवा तितं हुते की! जेऊरलाच झाली ती." रोज ठरवायचे की अण्णांशी बोलायचं, आणि रोज ठरवायचे की नको. माझा अंदाज चुकला असेल तर? म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत लाज आणली तर? आणि बरोबर असेल तर त्याहून वाईट. त्यांचा मुलगा पूर्वीच सांगून गेला होता की आता काही झालं तर ऐकणार नाही, उचलून हैदराबादला नेईन. अण्णा हसत सांगायचे, "तितं रविवार कुटं हाय?"

"त्यांच्या मुलाला कळव," हे म्हणाले.

"आणि त्याने नेलं म्हणजे?"

"आणि डोळे गेले म्हणजे?"

ह्यांचं असं असतं. दोन शब्दांत मोकळे. मी रात्रभर पंख्याचे फेरे मोजत पडले. अजून एक गोष्ट होती, ती मी ह्यांनाही सांगितली नाही. मी जिंकत होते, आणि मला ते आवडत होतं.

तिसऱ्या रविवारी मी बोलले नाही. त्याऐवजी माझ्या स्वभावाला शोभेल असा मधला मार्ग काढला. दुसरं पाकीट उलट फिरतं, म्हणजे माझ्याकडून अण्णांकडे. त्यात एक जुना, भारी लोहार आला, त्याच जुन्या चित्राचा. तो घेणं माझं कर्तव्य होतं. मी त्याच्या शेजारचा एक फुटकळ बेडूक घेतला आणि लोहार अण्णांकडे सरकवला. त्यांचं बोट क्षणात त्याच्यावर गेलं. मला इतकं बरं वाटलं, की पुढच्या चळतीतलं जुनं पानही सोडलं, त्याच्या पुढचंही. चौथ्या रविवारीही तेच. अण्णा दोन डाव जिंकले. मी सगळे हरले, आणि स्वतःला फार मोठी समजत घरी निघाले.

जिन्यात मागून हाक आली. "ताई, चा घिऊ."

टपरीवर बाकाच्या टोकाला बसलो. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

"तुमाला कदी कळलं?"

"काय कळलं?" मी म्हटलं. खोटं बोलतानाही मला वेळ लागतो.

"लोहार कोन सोडतं, ताई? त्योबी बेडकासाठी?"

मी कप बाकावर ठेवला.

"पयल्या दोन रविवारी तुमी आगीची पानं खेळत हुता. ती माज्याकडनंच गेली हुती. तवा मला समजलं मी काय काय सोडतोय. मग मागच्या रविवारपास्नं समदी जुनी पानं माज्याकडं याया लागली. म्हटलं, ताईंना कळलं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तुमी का न्हाय बोलला?"

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, कुणी सरकत नव्हतं.

"मधनं काळा ठिपका दिसतो," ते म्हणाले. "दिवाळीपास्नं. उजव्यात न्हवता, आता त्यातबी आलाय. लई भ्या वाटतंय, ताई." आणि खिशातून बटणांचा फोन काढून बाकावर आमच्या मध्ये ठेवला. "पोराचा नंबर हाय ह्यात. मला दिसत न्हाय. लावायचा तर लावा, न्हायतर ठिवून द्या खिशात. माज्यानं ठरना."

मला! वांगी न निवडता येणाऱ्या बाईला! फोनच्या बटणांवरचे आकडे झिजले होते. लावला तर माडीवरची त्यांची खुर्ची जाणार, पेठ जाणार, हा बाक जाणार. नाही लावला तर काय जाणार हे दोघांनाही माहीत होतं. मी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. अण्णा समोर बघत होते, घाई करत नव्हते. त्यांचा चहा निवला.

मी नंबर लावला. वडीलच बोलताहेत असं समजून मुलगा "हां नाना, बोला," म्हणाला आणि मला रडूच फुटलं, त्यामुळे त्या बिचाऱ्याला आधी वाटलं वडील गेलेच. "आहेत, आहेत, इथेच बसलेत," हे सांगण्यात पहिलं मिनिट गेलं.

दुसऱ्या दिवशी तो येण्याआधी मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पडद्याच्या मधोमध बिघाड होता. डाव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलेलं, ते परत येणार नाही. उजव्यात इंजेक्शनं दिली तर आहे तेवढं बहुतेक टिकेल. अशा वेळी एकेक आठवडा महत्त्वाचा असतो, डॉक्टर म्हणाले. मी पदराखाली बोटांवर रविवार मोजत होते.

"आधी कुणाच्या लक्षात आलं नाही का?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं. अण्णा मध्येच म्हणाले, "न्हाय. मी कुणाला कळू दिलं न्हाय."

आता ते हैदराबादला आहेत. दर महिन्याला डोळ्यात सुई घेतात आणि मुलाच्या नावानं दोन्ही भाषांत ओरडतात, असं सूनबाई फोनवर सांगते. उजवा डोळा अजून तरी जागेवर आहे. मी दर वेळी आधी तेच विचारते. माडीवर माझ्या उजव्या हाताला आता कॉलेजातली एक मुलगी बसते. चुणचुणीत आहे. तिच्याकडून एखादं फार चांगलं पान आलं की मी ते घ्यायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघते. तिला वाटतं, बाई चिटिंग करतात.

अण्णा निघाले त्या सकाळी मी त्यांच्या दारात गेले होते. मुलानं सामान गाडीत भरलं, हात धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. खिडकीशी वाकून मी काहीतरी बोलले, गोळ्या वेळेवर घ्या, असलं काहीतरी. त्यांनी मान फिरवली. मला बघायचं तर सरळ बघून चालत नव्हतं, मधे तो ठिपका यायचा. म्हणून ते माझ्या कानाच्या पलीकडे, मागच्या भिंतीकडे बघायला लागले. मग थोडं वर. मग पुन्हा कानाच्या बाजूला. मुलगा म्हणाला, "नाना, निघू या का?" त्यांनी हातानं त्याला थांबवलं.

मी वाकलेलीच राहिले, कंबर दुखत असूनही. त्यांना मी सापडेपर्यंत जरासुद्धा हलले नाही.