बाहेर पडल्याची वेळ

त्या संध्याकाळी मला ताप होता, म्हणून रझियाआपा वनउद्यानात एकट्याच गेल्या. सात वाजत आले तरी ‘घरी पोचले’ असा त्यांचा फोन आला नाही. मी लावला, तर नुसती रिंग वाजून राह्यली. शेवटी फाटकावरच्या चौकीदाराला विचारलं... असले नंबर मी घेऊनच ठेवते. त्यानं वही बघून सांगितलं, “साडेसहालाच गेल्या की मॅडम. तुम्ही पण तर संगं होत्या. दोघींची नावं हायेत इथं.” मी तर घरात, चादर पांघरून बसलेली! “वही ठेवा अन् आत जा, जल्दी,” एवढंच मला सुचलं. सीताफळाच्या झाडांजवळच्या बाकावर आपा बसलेल्या सापडल्या. गेल्या होत्या.

जुन्या जालन्यात आपांनी जन्मभर शिलाई केली. माझे शाळेत शिकवतानाचे सगळे ब्लाउज त्यांच्याच हातचे. त्यांचे गुडघे धरले, मला साखर निघाली, मंग दोघी रिक्षानं शहराबाहेरच्या त्या वनउद्यानात चालायला जाऊ लागलो. मी जन्माची घाबरट. गवत सळसळलं की मला साप दिसायचा. आपा मोराचं पीस शोधत बिनघोर पुढं. फाटकावरच्या वहीत त्याच लिहायच्या... आत जातानाच दोघींची नावं, आल्याची वेळ आणि लगोलग बाहेर पडल्याचीही. कापड हातात घेतानाच तयार व्हायचा दिवस सांगून टाकायची सवय, ती इथंही. त्या दिवशी मी नसतानाही सवयीनं माझं नाव पडलं. आत काही झालं तर कोण शोधणार, वहीत तर आपण घरी गेलेल्या, म्हणून मी कितीदा भांडले. “बाई, दिलेली वेळ मी कधी चुकवली का?” त्या विचारायच्या. ईद असो की दिवाळी, कधीच चुकवली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, एका झटक्यात गेल्या, आधी सापडून उपयोग नव्हता. त्यांच्या मुलानंही मला हेच समजावलं. मला बिलकुल पटत नाही. चौकीदाराला ही सवय एकदा तरी सांगायला हवी होती. मी भांडत बसले फक्त आपांशी. स्वतःचा राग येतो, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचाही येतो.

आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी पुन्हा उद्यानात गेले. वहीत वर आपांचं नाव लिहिलं, खाली माझं. निघताना माझ्या नावापुढं वेळ टाकली, त्यांच्यापुढची जागा कोरी सोडली. चौकीदार घुटमळला. हे असं कोरं राह्यलं तर आत कुणी आहे का ते मला बघून यावं लागंल, म्हणाला.

“मंग या ना बघून,” मी म्हटलं.

तेव्हापासून मी रोज ती जागा कोरी सोडते, आणि कुलूप लावण्याआधी तो बॅटरी घेऊन त्या बाकापर्यंत जाऊन येतो. तो परत येईपर्यंत मी फाटकातच उभी असते.