पेजेतली पुडी

आईवर मी चोरीचा आळ घेतला होता, हे आधीच लिहून टाकतो.

गेल्या वर्षी छातीत कफ झाला म्हणून तिला अँटिबायोटिक्स चालू होती. कफ गेला, पण पोट बिघडलं. दिवसातून सात-आठ वेळा उठावं लागे. विश्रांतवाडीतल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. गोळ्यांनी पोटातले चांगले जिवाणूही मेलेत, ते यातून परत जातील, म्हणाल्या. सोमवारपर्यंत उतार पडला नाही, तर सलाइनसाठी दाखल करायचं ठरलं.

आईला गार काही घशाखाली उतरत नाही. म्हणून मी रोज पुडी तिच्या पेजेत, वाफा येत असतानाच ढवळून द्यायचो. बायकोलाही हात लावू देत नसे. आपण सेवा करतोय, याचं मला फार समाधान होतं.

चार दिवस झाले तरी फरक नाही. आई भिंत धरून चालू लागली. मी घाबरलो, आणि मला एकच सुचलं, ही चोरून लोणचं खात असणार. मी तिला नको तेवढं बोललो आणि बरणी माळ्यावर टाकली. "मी खाल्लेलं नाही," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी दवाखान्यात मी तिच्यादेखत पुन्हा तीच तक्रार केली. डॉक्टरीणबाईंनी पुडी कशी देता ते विचारलं. मी अगदी सविस्तर सांगितलं.

"अहो, आपल्याकडे विरजण उकळत्या दुधात लावतात का?"

"नाही. कोमट."

"मग या जिवाणूंनी आपलं काय वाकडं केलं होतं?"

आई खाली मान घालून हसली. बाईंनी तिला तपासलं, अंगातलं पाणी फार कमी झालेलं नाही म्हणाल्या, आणि अजून दोन दिवस दिले.

त्यानंतर पुडी साध्या पाण्यातून गेली. बुधवारी आई सकाळी साडेसातपर्यंत एकदाही न उठता झोपली. तिचा श्वास ऐकत मी दाराशी उभा राहिलो. छातीवरचा दगड उतरला होता.

ती जागी झाल्यावर म्हणालो, "आई, चुकलं माझं."

"बरणी खाली काढ."

"अगं, इतक्यात लोणचं नको."

"खायचं नाहीये मला. होती तिथे ठेव."

मी स्टुलावर चढून बरणी काढली, पुसली आणि तिच्या डोळ्यांसमोर जागेवर ठेवली. मग तिने पेज मागितली, गरम.