निसटले की पळवलं

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, आमच्या समोर राहणाऱ्या विजूकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर, ताटाशेजारी, जाडजूड पोर्तुगीज शब्दकोश असे. काकू मूळच्या नागपूरच्या. काकांच्या नोकरीपायी बारा वर्षं ब्राझीलमध्ये राहिल्या आणि इथे आल्यावर, साठीत, कोर्टातल्या दुभाष्याची परीक्षा दिली. दोनदा नापास झाल्या. "तिसऱ्यांदा देईन. परीक्षा काही कुठे जात नाही," म्हणाल्या, आणि पास झाल्या.

बर्फात त्या ड्राइव्ह करत नसत, म्हणून एकदा मी त्यांना कोर्टात घेऊन गेले आणि मागे बसून राहिले. कस्टडीची केस होती. रोझा नावाची ब्राझिलियन बाई मारकुट्या नवऱ्याच्या घरातून सहा वर्षांच्या मुलीला घेऊन निघाली होती. तिच्या लेखी जबाबाचं भाषांतर आधीच कुणीतरी करून दिलं होतं. नवऱ्याच्या वकिलाने ते वाचलं, "मी मुलीला चोरून पळवलं."

काकूंनी ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं तशी रोझा पांढरीफटक पडली. काकूंनी मूळ कागद मागून पाहिला आणि उभ्या राहिल्या.

"दुभाष्याला भाषांतरातली चूक नोंदवायची आहे." कोर्टात दुभाषी स्वतःला 'मी' म्हणत नाही.

वकिलाने हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाल्या, "तुमचं काम फक्त बोललेलं सांगणं."

"चूक दिसली तर कळवणं हेही दुभाष्याच्या शपथेत आहे." काकू बसल्या नाहीत.

शेवटी परवानगी मिळाली. काकू सावकाश म्हणाल्या, "शब्द आहे 'एस्गेइरार'. नुसता वापरला तर एखादी गोष्ट गुपचूप लांबवणं. पण इथे त्याच्याआधी 'मे' आहे, म्हणजे स्वतःला. मग अर्थ होतो, कुणाच्या नकळत निसटणं. 'मुलीला घेऊन मी मागच्या दाराने निसटले,' असं लिहिलंय."

न्यायाधीशांनी दुसऱ्याकडून नवं भाषांतर करून घेतलं. तेच निघालं. मुलगी आईकडे राहिली.

गाडीत मी म्हटलं, "काकू, तुम्ही तिला वाचवलंत."

"छे. नवऱ्याचं वाक्य चुकीचं वाचलं असतं तरी उभी राहिले असते."

पुढे दोन महिने कोर्टाला दुभाषी पुरवणाऱ्या एजन्सीने त्यांना काम दिलं नाही. काकू दर सोमवारी स्वतः फोन करत राहिल्या. तिसऱ्या महिन्यात काम आलं.

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, दुखतंय का? सांता क्लाराहून आलेला त्यांचा मुलगा घाईने म्हणाला, "शी इज ओके."

काकूंनी डोळे उघडले. "तिने मला विचारलंय, निखिल," त्या म्हणाल्या. मग नर्सकडे वळून इंग्रजीत नीट सांगितलं, "दुखतंय. डाव्या बाजूला, बरगडीखाली. कालपेक्षा जास्त."